बाहेर हवा हवी, आत हवा नको

"दादा, ते मशीन अर्धा तास झाला नुसतं घरघरतंय, त्याचे वेगळे पैसे कशाचे लावलेत?" सांगलीत विश्रामबागेत एका मुलींच्या हॉस्टेलच्या टेरेसवर हीट पंप बसवत होतो तेव्हा तिथल्या रेक्टर मॅडम वर येऊन असं म्हणाल्या. त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही, कारण व्हॅक्यूम पंप, म्हणजे जोडलेल्या नळीतली हवा ओढून काढणारं ते मशीन, चालू असताना बघणाऱ्याला खरंच काही होताना दिसत नाही. आणि आमच्याच लाइनमधले बरेच जण "कशाला व्हॅक्यूम, थोडा गॅस सोडतो आणि हवा बाहेर ढकलतो" म्हणून पाच मिनिटात काम उरकून जातात, मग माझं बिल जास्त दिसणारच. उभ्या उभ्या जेवढं सांगता आलं तेवढं त्यांना सांगितलं, बाकीचं इथं नीट लिहितो, कारण आउटडोअर युनिट, म्हणजे हीट पंपाचा किंवा एसीचा बाहेर बसणारा डबा, बसवताना आणि सर्व्हिसिंगला जे मोठे धोके असतात त्यातले बरेचसे एकाच प्रश्नापाशी येऊन थांबतात, हवा कुठं असावी आणि कुठं नसावी.

आधी हीट पंप म्हणजे काय ते बघू. गिझर किंवा जुना तांब्याचा बंब उष्णता तयार करतो, एक वीज जाळून आणि दुसरा लाकूड जाळून. हीट पंपाचं तसं नाही, तो बाहेरच्या हवेत आधीच असलेली उष्णता उचलतो आणि टाकीतल्या पाण्यात टाकतो. विहिरीवरची मोटर पाणी तयार करत नाही, खालचं वर चढवते, अगदी तसंच. म्हणून तर विजेत एवढा फरक पडतो. ३०० लिटर पाणी २५ अंशावरून ५५ वर न्यायचं तर साध्या हिशोबाने साडेदहा युनिट उष्णता लागते, गिझर तेवढीच वीज खातो आणि चांगला हीट पंप तेच काम साधारण ३ ते ४ युनिटात करतो. पावसाळ्यात आपल्याकडं आठवडा आठवडा ऊन नसतं तेव्हा सोलर गार पडतं, हा मात्र चालतो. आणि कल्पना काही आजची नाही, १८५० च्या दशकात ऑस्ट्रियात पीटर फॉन रिटिंगर नावाच्या इंजिनिअरने मिठाचं पाणी आटवायला असं यंत्र बांधलं होतं, म्हणजे गुऱ्हाळातल्या काहिलीचं काम पण जळण वाचवून.

हे जमतं कसं, तर आतल्या गॅसमुळे. आर-३२ नावाचा गॅस उणे ५२ अंशाला उकळतो. म्हणजे जानेवारीतल्या पहाटेची १२ अंशाची हवासुद्धा त्याला चुलीसारखी गरम, त्या हवेवर तो उकळतो, वाफ होतो, मग कॉम्प्रेसर ती वाफ दाबून गरम करतो आणि ती गरम वाफ पाण्याला उष्णता देऊन परत पातळ होते. एसी पण हेच करतो, फक्त उष्णता घरातून बाहेर टाकतो. (हीट पंपाचं बाहेरचं युनिट गार वारा टाकतं आणि त्याखाली पाणी ठिबकतं, ते हवेतलं बाष्प असतं. लोक घाबरून फोन करतात, घाबरू नका, फक्त त्याला ड्रेन पाइप लावून घ्या.)

आता दाब. कुकर शिट्टी देतो तेव्हा आत बाहेरपेक्षा साधारण १ बार (आपल्याभोवतीच्या हवेच्या दाबाएवढा) जास्त दाब असतो, आणि तेवढ्यालाच आपण झाकण उघडायचं धाडस करत नाही. आर-३२ च्या युनिटमध्ये, युनिट बंद असताना, २५ अंशाला जवळपास १६ बार असतो, आणि चालू असताना गरम बाजूला २५ च्या वर जातो. म्हणून पाना घेऊन "बघू जरा" म्हणत नट सैल करणं हे घरच्या माणसाचं काम नाहीच, सुटलेला पातळ गॅस बोटावर आला तर कातडी गोठते.

पण लोकांना गॅस बाहेर जायची भीती असते तेवढी हवा आत जायची नसते, आणि माझ्या मते ती जास्त असायला पाहिजे.

कॉपरची नवीन नळी जोडली की तिच्यात हवा असते आणि हवेत बाष्प असतं, पावसाळ्यात तर विचारूच नका. हवा गॅससारखी पातळ होत नाही, ती कॉइलमध्ये (वेटोळ्या नळीत) जागा अडवून बसते, दाब वाढतो, कॉम्प्रेसर तापतो आणि बिल वाढतं. बाष्पाचं त्याहून वाईट. आत जे तेल असतं त्याच्याशी पाण्याची क्रिया होऊन हळूहळू आम्ल तयार होतं, ते कॉम्प्रेसरच्या वाइंडिंगचं इन्सुलेशन खातं, आणि दोन अडीच वर्षांनी कॉम्प्रेसर जळाला की लोक म्हणतात कंपनीचा माल खराब होता. कंपनीने काय करावं?

मग व्हॅक्यूम पंप काय करतो? महाबळेश्वरला पाणी १०० अंशाला उकळत नाही, ९५-९६ लाच उकळतं, कारण तिथं हवेचा दाब कमी. तोच दाब अजून कमी करत गेलं तर पाणी खोलीच्या तापमानाला पण उकळतं. ३० अंशाला त्यासाठी दाब साधारण ३२ मिलिमीटर पाऱ्यापर्यंत उतरवावा लागतो, आम्ही तर त्याच्या खूप खाली, अर्ध्या मिलिमीटरपर्यंत नेतो, त्याला आमच्या भाषेत ५०० मायक्रॉन म्हणतात. म्हणजे ते मशीन घरघरत असतं तेव्हा नळीच्या भिंतीला चिकटलेलं पाणी आत गारच्या गार उकळत असतं आणि वाफ होऊन बाहेर निघत असतं. गॅस सोडून हवा ढकलली तर मोकळी हवा थोडीफार जाते पण हे चिकटलेलं पाणी तिथंच राहतं, वर तो सोडलेला गॅस वातावरणाला जाऊन भिडतो. आर-३२ चा एक किलो पृथ्वी तापवण्यात ६७५ किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा असतो.

आता स्फोटाचं सांगतो, कारण हे मी जवळून बघितलंय. युनिट एका जागेवरून काढून दुसरीकडं न्यायचं असेल तर सगळा गॅस आउटडोअरमध्ये गोळा करून बंद करतात, आम्ही त्याला गॅस लॉक करणं म्हणतो. एसी कूलिंगवर चालू करायचा, अॅलन कीने (षटकोनी चावीने) बारीक, म्हणजे पातळ गॅसच्या नळीचा व्हॉल्व्ह बंद करायचा, दाबाच्या गेजचा काटा शून्याकडं आला की जाड, म्हणजे वाफेच्या नळीचा बंद करायचा आणि लगेच मशीन बंद, मग मेन स्विच बंद, आणि त्यानंतरच नट सोडायचे. क्रम एवढाच आहे. काही वर्षांपूर्वी कुपवाड एमआयडीसीत एका शेडवर माझ्यासोबतच्या पोराने घाईत जाड नळीचा व्हॉल्व्ह उघडा असतानाच नट सैल केला, मशीन चालूच होतं. फुस्स असा बाहेर येणारा आवाज यायला पाहिजे होता, तो आला नाही, उलट हवा आत ओढल्याचा बारीक सुर्र आवाज आला आणि दहा सेकंदात कॉम्प्रेसरची गुणगुण बदलून खडखड सुरू झाली. मी ओरडलो "मेन पाड!" आणि त्याने पाडला म्हणून आज दोघं आहोत. नंतर डिस्चार्जच्या नळीवर (कॉम्प्रेसरमधून गरम वाफ बाहेर येते तिच्यावर) पाण्याचे थेंब टाकले तर ते तव्यावर टाकल्यासारखे नाचून उडून गेले.

यात काय होतं ते ट्रॅक्टरवाल्याला लगेच कळेल. डिझेल इंजिनला स्पार्क प्लग नसतो. हवा एवढी दाबली जाते की ती ५०० अंशाच्या वर तापते आणि त्यात डिझेलचा फवारा आला की आपोआप पेटतो. कॉम्प्रेसरमध्ये गॅसच्या जागी हवा गेली की तो नेमकं हेच करायला लागतो, कारण हवा दाबली की गॅसपेक्षा जास्त तापते, आणि आत तेलाचा धुरळा तयारच असतो. फरक एवढाच की इंजिन हा स्फोट झेलायला बनवलेलं असतं, कॉम्प्रेसरचा डबा नसतो. जपानमध्ये असे स्फोट होऊन माणसं जखमी झाल्यावर तिथं मेकॅनिक लोकांना याबद्दल परत परत इशारे दिले गेलेत. आपल्याकडं हे फारसं शिकवलं जाताना दिसत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

याच्याच जोडीची दुसरी चूक म्हणजे लीक बघायला ऑक्सिजन भरणं. शेजारच्या गॅस कटिंगवाल्याकडं सिलिंडर असतो, मागून आणला, भरला. ऑक्सिजन, तेल आणि दाब हे तीन एकत्र आले की ठिणगीची गरज उरत नाही. लीक टेस्टला फक्त कोरडा नायट्रोजन. ऑक्सिजनचा सिलिंडर काळा असतो, नायट्रोजनचा करडा आणि मान काळी, पण रंगावर भरवसा न ठेवता लेबल वाचा. आणि तुम्ही मालक असाल तर कुणी काळा सिलिंडर खांद्यावर घेऊन जिना चढताना दिसला तर त्याला तिथंच थांबवा.

गॅस बाहेर आला तर? आर-३२ हळू आणि अवघड पेटतो पण पेटतो, आणि गॅस वेल्डिंगच्या ज्वाळेत गेला की विषारी धूर होतो, म्हणून गॅस असलेल्या नळीला ज्वाळा लावायची नाही. आता नवीन युनिटमध्ये आर-२९० येतोय, म्हणजे शुद्ध प्रोपेन. पर्यावरणाला खूप चांगला, मी त्याच्या बाजूचाच आहे, पण स्वयंपाकाच्या गॅसला जो वास येतो तो मुद्दाम घातलेला असतो, या प्रोपेनमध्ये तो घातलेला नसतो. गळला तर नाकाला कळणार नाही. हवेपेक्षा दीडपट जड असल्याने तो खाली वाहतो, गटाराच्या चेंबरमध्ये, तळघरातल्या पार्किंगमध्ये जाऊन साठतो. अर्धा किलो प्रोपेन बंद जागेत सारखा पसरला तर १० बाय १० च्या खोलीतली निम्मी हवा पेटण्याजोगी करू शकतो. म्हणून असं युनिट मोकळ्या हवेत, चेंबर आणि खिडकीपासून बुकलेटमध्ये दिलेल्या अंतरावर, आणि त्यावर काम त्या गॅसचं ट्रेनिंग घेतलेल्या माणसानेच करावं. त्यात घरचा एलपीजी भरणारे महाभाग पण आहेत, त्यांना दारातूनच परत पाठवा.

विजेचं थोडक्यात सांगतो. इन्व्हर्टर युनिटच्या बोर्डावर मोठे कॅपॅसिटर असतात, त्यात ३०० व्होल्टच्या वर डीसी साठलेला असतो आणि एमसीबी पाडल्यावरसुद्धा तो काही मिनिटं राहतो. बऱ्याच बोर्डांवर एक बारीक लाल एलईडी असतो, मेन पाडल्यावर तो हळूहळू मंद होत विझतो, तो विझेपर्यंत हात लावू नका, आणि विझल्यावर पण मल्टिमीटरने बघा. वेगळी लाइन, खरं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच), यात काटकसर नको. टेरेसवर ओल्या पायाने उभा असलेला माणूस असतो, हे डोक्यात ठेवा.

आणि बाहेर मात्र हवा भरपूर पाहिजे. नवीन बिल्डिंगमध्ये आउटडोअर अरुंद डक्टमध्ये कोंबतात, एकावर एक, मग खालच्या युनिटचा गरम वारा वरचं ओढतं आणि दोन्ही धापा टाकतात. वर तिथं सर्व्हिसिंगला पोरगा पोचणार कसा, याचा विचार कुणी केलेला नसतो. तीस पस्तीस किलोचं युनिट हातात घेऊन छज्ज्यावर उभा राहणारा पोरगा बेल्ट न लावता जातो, स्फोटापेक्षा मला रोजची भीती याची जास्त आहे. मेकॅनिकला बेल्ट आणलाय का विचारा, नसेल तर काम उद्यावर टाका, एक दिवस गरम पाणी नसलं तर चालतं. आपल्याकडं अजून एक, गाळप हंगाम सुरू झाला की टेरेसवर कारखान्याची काळी राख पडते, ती फिनमध्ये (कॉइलवरच्या पातळ पत्र्यांमध्ये) जाऊन बसते, त्यामुळे ऑक्टोबर ते मार्च दर महिन्याला मेन पाडून मऊ ब्रश आणि साध्या पाण्याने धुवा, गाडी धुवायचा प्रेशर पंप मारू नका, फिन आडव्या होतात.

पुराचं न लिहिता सांगलीकराला राहवत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, धोक्याची पातळी ४५ आहे. गावभागात, कर्नाळ रोडला आउटडोअर युनिट दिवसेंदिवस पाण्याखाली होती. पाणी उतरल्यावर लोकांनी काय केलं तर वरून चिखल धुतला आणि स्विच दाबला, बोर्ड फट्‌कन उडाला. मी उघडलेल्या युनिटमध्ये बोर्डावर बोटभर गाळ आणि त्यावरच्या पार्टच्या पायांवर हिरवा गंज होता, फॅनची मोटर गेलेली, पण गेज लावला की आत दाब जसाच्या तसा. मीटरभर पाण्याचा दाब तो किती, ०.१ बार, आतले १६ बार त्याला आत येऊ देतात होय. म्हणजे बोर्ड, मोटर आणि टर्मिनल बघून बदलले तर बरीच युनिट वाचली असती. पुरात बुडालेलं युनिट मेकॅनिकने उघडून बघेपर्यंत चालू करू नका, आणि नवीन बसवताना भिंतीवरची पुराची खूण बघून त्याच्या वर स्टँड मारा.

हॉस्टेलच्या टेरेसवर त्या दिवशी नायट्रोजन भरून वीस मिनिटं ठेवला तेव्हा काटा हलला नव्हता. व्हॅक्यूम ४५० मायक्रॉनपर्यंत उतरला, पंप बंद केला, आणि मॅडम शेजारी उभ्या असतानाच आकडा चढायला लागला, ७००, ९००, १४००, थांबेचना. ओलावा असता तर कुठंतरी जाऊन थांबला असता, न थांबणारा आकडा म्हणजे भोक. परत नायट्रोजन भरला, प्रत्येक नटावर साबणाचा फेस लावून बसलो, आणि टाकीकडच्या नटावर मिनिटभराने मोहरीएवढा एक बुडबुडा फुगला. नट काढला तर फ्लेअरच्या (नटात बसायला पसरवलेल्या नळीच्या तोंडाच्या) कडेला केसाएवढी चीर. कापून नवीन फ्लेअर केली, टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) आवळली, पंप परत लावला. यावेळी आकडा ४८० वरून ५३० ला आला आणि दहा मिनिटं तिथंच राहिला. अॅलन कीने व्हॉल्व्ह उघडला, गॅस नळीत शिरल्याचा आवाज आला, आणि मॅडमनी बिलावर सही करायच्या आधी त्या ५३० चा फोनमध्ये फोटो काढून घेतला.