नागपूरकरांची सीमेपलीकडची दिवसवारी

सकाळी नागपूरहून निघून मध्य प्रदेशातील सौसर, जामसावळी, पांढुर्णा किंवा छिंदवाडा गाठायचे आणि रात्रीच्या जेवणाला घरी परतायचे, असा नित्याचा प्रवास. देवदर्शन, सोयरसंबंध, शेतीची कामे किंवा पावसाळ्यातला नुसता फेरफटका, यांपैकी कशासाठीही तो होतो.

मुख्य रस्ता सावनेर, केळवदवरून सौसरला (सुमारे 70 किमी) जातो आणि पुढे सिल्लेवानी घाट चढून छिंदवाड्याला (सुमारे 130 किमी) पोचतो. पांढुर्णा दिल्ली–चेन्नई लोहमार्गावर, काटोल-नरखेडच्या पुढे आहे. सीमा ओलांडल्यावर पाट्या हिंदीत दिसू लागतात. सौसर-पांढुर्ण्याच्या बाजारात मात्र घासाघीस वैदर्भी वळणाच्या मराठीतच चालते. संत्र्याच्या बागाही अलीकडे तशाच पलीकडे. भाड्याच्या गाडीला परराज्याचा कर भरावा लागला, तर तेवढ्यापुरती सीमा जाणवते.

या वारीला पर्यटन म्हणणे अपुरे आहे. नागपूर वसवणारा गोंड राजा बख्त बुलंद शहा देवगडचा, आणि देवगडचा किल्ला आज छिंदवाडा जिल्ह्यात आहे. 1956 पर्यंत नागपूर हीच मध्य प्रांताची, नंतरच्या मध्य प्रदेशाची राजधानी होती. छिंदवाड्याचे लोक कामासाठी इथेच येत. 1 नोव्हेंबर 1956 च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला आणि त्याच्यासोबत सौसर-पांढुर्ण्याचा मराठी मुलूखही. नातीगोती मात्र पूर्वीसारखीच राहिली. नागपूरच्या नळाला येणारे कन्हान आणि पेंचचे पाणीही छिंदवाडा जिल्ह्याच्याच डोंगरांतून उतरते.

सर्वाधिक गर्दी जामसावळीच्या हनुमान मंदिराकडे असते, विशेषतः मंगळवारी आणि शनिवारी. पिंपळाखाली शेंदूर माखलेली, आडवी पहुडलेली मूर्ती हे तिथले वैशिष्ट्य. मूर्तीच्या नाभीतून झिरपणारे पाणी भाविक तीर्थ म्हणून घेतात. मनाच्या आजाराने त्रासलेल्या माणसांनाही नातेवाईक इथे आणतात. श्रद्धेचा मान ठेवूनही सांगायला हवे, की दर्शनापायी डॉक्टरांचे औषध बंद करू नये.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे नागपुरात लहान मुलांचा तान्हा पोळा आणि मारबत या पुतळ्यांची मिरवणूक असते त्याच दिवशी, पांढुर्ण्यात गोटमार होते. जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात. पांढुर्णा आणि सावरगाव या दोन काठांवरचे लोक तो मिळवण्यासाठी एकमेकांवर दगडफेक करतात. दरवर्षी अनेक जण जखमी होतात, मृत्यूही झाले आहेत. परंपरा जुनी असली तरी पोराबाळांना घेऊन बघायला जावे असा हा प्रसंग नव्हे.

नागपूर–छिंदवाडा नॅरोगेज गाडी या वारीचा मोठा आधार होती. सावकाश चालणारी, पण गरिबाला परवडणारी. लोहमार्गाच्या रुंदीकरणासाठी 2015 मध्ये ती बंद झाली. काम पुरे व्हायला काही वर्षे लागली आणि तोवर रोजचा प्रवासी बस व खासगी गाड्यांकडे वळला. मार्च 2021 मध्ये कोरोनामुळे मध्य प्रदेशाने महाराष्ट्राशी होणारी बसवाहतूक थांबवली, तेव्हा लेकीचे सासर पलीकडे असलेल्या घरांना ही सीमा खरी वाटली. 2023 मध्ये सौसर आणि पांढुर्णा तहसील मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्यामुळे नागपूरहून या वाटेने शिरल्यावर लागणारा पहिला जिल्हा आता छिंदवाडा नसून पांढुर्णा आहे.