ओपन लूप की क्लोज्ड लूप? साथीच्या मॉडेलमधला नेहमीचा गोंधळ

साथीचं मॉडेल, म्हणजे रोग कसा पसरेल याचं गणित, म्हटलं की बरेच जण असं धरून चालतात की डेटा घातला, आलेख निघाला, तो बघून निर्णय घेतला, म्हणजे झालंच की फीडबॅक कंट्रोल (यालाच क्लोज्ड लूप म्हणतात, परिणाम मोजत राहायचा आणि त्याप्रमाणे पुढची कृती बदलायची). अगदी कंट्रोल सिस्टिमचा पेपर सोडवून पास झालेलेही असं म्हणतात. पण ते तसं नसतं, आणि हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

टायमरवाला गीझर वीस मिनिटं झाली की बंद होतो, पाणी तापलंय की नाही हे त्याला कळतच नाही, हा ओपन लूप. थर्मोस्टॅटवाला सतत पाणी किती तापलंय ते बघतो आणि त्याप्रमाणे चालू-बंद होतो, हा क्लोज्ड लूप. साथीमधे पाण्याच्या जागी आपण सगळे, तापमानाच्या जागी पेशंटचा आकडा आणि बटणाच्या जागी निर्बंध, मास्क, टेस्टिंग, लस. कुठलंही मॉडेल समोर आलं की एवढंच विचारायचं, हे बटण कशावर चालतंय? कॅलेंडरवर, की मोजलेल्या आकड्यावर?

आता खरा गोंधळ होतो तो इथे. सगळ्यांना माहीत असलेलं एसआयआर मॉडेल, म्हणजे अजून लागण न झालेले, लागण झालेले आणि त्यातून बाहेर पडलेले असे तीन गट, याचं मूळ केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांच्या १९२७ च्या पेपरमधे आहे, आणि त्यांनी आपला आलेख ताडून बघितला तो आपल्या मुंबईच्या प्लेगवर! डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६, मुंबई बेटावरचे दर आठवड्याचे मृत्यू, त्यांच्या सूत्राचं टोक आठवड्याला ८९० वर येतं. (मॅकेंड्रिक स्वतः इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले, कसौलीला काम केलेले.) या मॉडेलमधे साथ वाढते तसे लागण व्हायचे शिल्लक लोक कमी होत जातात आणि त्यामुळे साथ आपोआप उतरते, म्हणजे आत फीडबॅक आहेच, निगेटिव्ह फीडबॅक. मग लोक म्हणतात बघा, क्लोज्ड लूप! पण तो प्लांटच्या, म्हणजे ज्याला काबूत ठेवायचंय त्या गोष्टीच्या, आतला फीडबॅक झाला. गीझरमधलं गरम पाणी बाहेरच्या हवेला उष्णता देतं म्हणून तापमान कुठेतरी जाऊन थांबतंच, त्याला कोणी थर्मोस्टॅट म्हणत नाही. कंट्रोलर वेगळा लागतो, जो मोजतो, हव्या त्या पातळीशी तुलना करतो आणि मग हात चालवतो. एसआयआरला आपोआप थांबू दिलं तर ते माणसं आजारी पडून आणि मरून थांबतं, हे विसरायचं नाही.

ओपन लूप म्हणजे वाईट असं मात्र अजिबात नाही. इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमधल्या उरी अलॉन यांच्या गटाने २०२० मधे कोरोनासाठी सुचवलेलं चक्र घ्या, चार दिवस काम आणि दहा दिवस घरी. त्यामागे विचार असा की लागण झालेला माणूस साधारण तीन दिवसांनी दुसऱ्याला संसर्ग द्यायला लागतो, तोपर्यंत तो घरी पोचलेला असतो. यात रोजचा आकडा बघायची गरजच नाही, टेस्टिंग कमी असलं तरी चालतं. ज्यांच्याकडे सेन्सरच धड नाही त्यांच्यासाठी हे फार मोलाचं आहे.

याच्या उलट लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचा १६ मार्च २०२० चा रिपोर्ट. त्यात ब्रिटनसाठी एक उदाहरण होतं, आठवड्याला आयसीयूमधे १०० पेशंट आले की निर्बंध चालू आणि ५० वर उतरले की बंद. चालू व्हायचा आकडा वेगळा, बंद व्हायचा वेगळा, याला आपण हिस्टेरिसिस म्हणतो, फ्रिजच्या कॉम्प्रेसरला असतो तसा, नाहीतर बटण सारखं खाली-वर होत राहील.

मग नेहमी क्लोज्ड लूपच का नको? उशीर! गच्चीवरच्या सोलरचं पाणी नळाला यायला वेळ लागतो, आपण गार म्हणून गरम नळ अजून सोडतो, अजून सोडतो आणि मग एकदम चटका बसतो, मग घाबरून पूर्ण बंद, की परत गार. साथीत लागण, लक्षणं, टेस्ट, रिपोर्ट, अ‍ॅडमिशन असं करत आकडा हातात येतो तोवर तो जुना झालेला असतो, आयसीयूचा तर फारच. समजा दहा दिवसांचा उशीर आहे आणि पेशंट तीन दिवसांत दुप्पट होतायत, तर आकडा दिसेपर्यंत खरी साथ दहापट झालेली असते, आणि दुप्पट व्हायला दहा दिवस लागत असतील तर फक्त दुप्पट, म्हणजे उशीर एकटा बघून उपयोग नाही, तो साथीच्या वेगासोबतच बघायला लागतो. अशा वेळी कंट्रोलरचा गेन, म्हणजे आकडा हलला की किती जोरात हात चालवायचा ते, वाढवला, म्हणजे छोट्याशा वाढीला एकदम कडक निर्बंध आणि छोट्याशा उताराला एकदम सगळं खुलं, तर लाटांवर लाटा येतात, आणि त्या कंट्रोलरनेच तयार केलेल्या असतात.

आपल्याकडे दोन्ही प्रकार झालेत. २५ मार्च २०२० पासूनचे २१ दिवस आधीच ठरवून सांगितलेले, म्हणजे ओपन लूप. आणि जून २०२१ मधे महाराष्ट्राने आणलेल्या पाच पातळ्या हा चक्क क्लोज्ड लूप. जिल्ह्याची पॉझिटिव्हिटी (केलेल्या टेस्टपैकी किती पॉझिटिव्ह) ५ टक्क्यांच्या आत आणि ऑक्सिजन बेड २५ टक्क्यांपेक्षा कमी भरलेले असले की पहिली पातळी, दुकानं वगैरे सुरू, तिथून वर पाचवीपर्यंत कडक होत जाणारे नियम, आणि दर आठवड्याला आकडे बघून जिल्ह्याची पातळी ठरायची. मला यातली सगळ्यात चांगली गोष्ट वाटते ती दोन सेन्सर घेतल्याची, पॉझिटिव्हिटी लवकर हलते पण टेस्ट कोणाच्या केल्या त्यावर डोलते, बेडचा आकडा उशिरा हलतो पण सहसा फसवत नाही. त्याच महिन्याच्या शेवटी डेल्टा प्लस या विषाणूच्या नव्या प्रकाराच्या काळजीने आदेश बदलला, कुठलाच जिल्हा तिसऱ्या पातळीच्या खाली नाही आणि पॉझिटिव्हिटी धरायची ती फक्त आरटी-पीसीआरची, रॅपिड टेस्ट त्यात मोजायच्या नाहीत. म्हणजे लूप तोच, पण सेन्सर बदलला आणि कंट्रोलरला खालून मर्यादा घातली.