पातं वाकलं की कॅमेरा थरथरला?

माझा भाचा परराज्यातल्या एका फ्लाइंग क्लबात विमान चालवायला शिकतो. मे महिन्यात त्यानं मला दोन क्लिपा पाठवल्या आणि खाली लिहिलं, "मामा, दोन्हीत काईतरी वाकडं दिसून राह्यलं. कॅमेरा खराब निघाला काय?"

मी स्वतः आजवर विमानात बसलेलो नाही. गोंदियाजवळच्या बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. आता शिकाऊ वैमानिकांची छोटी विमानं दिवसभर आमच्या गावावरून घिरट्या घालतात, इतकी की पोरं मान वर करायची सोडून गेली. माझं विमानांशी नातं तेवढंच. पण गावात माझा फोटो स्टुडिओ आहे, वीस-बावीस वर्षं लग्नाची शूटिंग केली आहे, आणि कॅमेरा कुठं खोटं बोलतो ते मला कळतं.

पहिली क्लिप सेस्ना १७२ या छोट्या विमानाच्या मागच्या सीटवरून, समोरच्या काचेतून घेतलेली. प्रोपेलरची, म्हणजे विमानाच्या नाकावरच्या पंख्याची, पाती विळ्यासारखी वाकलेली, काही तर मुळापासून सुटून हवेत तरंगणारी. दुसऱ्या क्लिपेत कॅमेरा बाहेर, पंखाखाली, विमान दोरानं बांधून ठेवायची कडी असते तिथं, लांब दांडीवर लावलेला. तिच्यातही पाती वाकलेली होती. शिवाय पंखाला आधार देणारा तिरपा दांडा पाण्यातल्या काठीसारखा लहरत होता, आणि खालची शेतं थाळीतल्या जेलीसारखी थुलथुलत होती.

भाच्यानं दोन्हीला एकच आजार समजून एकच औषध आणलं होतं, लेन्सवर लावायची काळी काच. पण हे आजार दोन आहेत. गोंधळ होतो कारण दोघांचं मूळ एक आहे.

ते मूळ असं. आजकालचे मोबाइल आणि ॲक्शन कॅमेरे अख्खं चित्र एका क्षणात टिपत नाहीत. धानाची रोवणी जशी ओळीओळीनं होते, तसं सेन्सर, म्हणजे आतली चित्र टिपणारी चिप, वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत वाचत जातो. याला रोलिंग शटर म्हणतात. एक फ्रेम, म्हणजे व्हिडिओतलं एक चित्र, अशी वाचून व्हायला साधारण १० ते २० मिलिसेकंद लागतात. आपल्या डोळ्यांसाठी हा वेळ काहीच नाही, पण समोरची वस्तू तेवढ्यात सरकली तर वरच्या ओळीत ती एका जागी सापडते आणि खालच्या ओळीत दुसऱ्या जागी. माझ्या दुकानात सोनीचा जुना पीडी १७० अजून पडून आहे. एके काळी अर्ध्या विदर्भाची लग्नं त्याच्यावर निघाली असतील. त्याच्यात सीसीडी नावाचा सेन्सर आहे, तो ओळी एकामागून एक न वाचता एकदमच धरतो. त्याच्यापुढं पंखा कितीही जोरात फिरवा, पातं सरळच राहतं. टेपचा कॅमेरा म्हणून त्याला हसणाऱ्यांना मी हे मुद्दाम दाखवतो.

भाचा सुटीत आला तेव्हा त्याला आधी कूलरपुढं बसवलं. दुपारची वेळ, खिडक्यांना पडदे, खोलीत अंधार. मोबाइलनं कूलरचा पंखा घेतला, तर नुसती धूसर चकती. मग लग्नात वापरतो तो फोकसचा दिवा जाळीवर मारला. चकती गेली आणि चार विळे दिसायला लागले. फोकस बंद, चकती. फोकस चालू, विळे. त्यानं स्वतःच्या हातानं आठ-दहा वेळा करून पाहिलं.

घडत होतं ते एवढंच. उजेड कमी असला की कॅमेरा शटर जास्त वेळ उघडं ठेवतो, तेवढ्या वेळात पातं बरंच फिरतं आणि पुसट होतं. उजेड भरपूर असला की शटर क्षणभरच उघडतं, मग प्रत्येक ओळीत पातं धारदार उमटतं, फक्त प्रत्येक ओळीत वेगळ्या जागी. त्या ओळी एकाखाली एक रचल्या की झाला विळा. हवेत दुपारच्या उन्हात कॅमेरा आपणहून सेकंदाच्या दोन हजाराव्या भागापर्यंत जातो. तिथं विळे निघणारच.

विमानाचा हिशेब कूलरपेक्षा मोठा. सेस्ना सरळ उडत असताना इंजिन मिनिटाला २४०० फेऱ्यांच्या आसपास असतं, म्हणजे सेकंदाला ४०, एका फेरीला २५ मिलिसेकंद. कॅमेऱ्यानं फ्रेम वाचायला १५ मिलिसेकंद घेतले, तर तेवढ्यात प्रोपेलर अर्ध्या फेरीपेक्षा जास्त फिरलेला असतो. एकच पातं एका फ्रेममध्ये दोनदा-तीनदा सापडतं ते यामुळं, आणि सुटे तुकडे तरंगताना दिसतात तेही यामुळंच.

एक गंमत भाच्याच्या क्लिपेत बारकाईनं पाहिल्यावर सापडली. उजव्या बाजूला पाती कमी आणि जाड, डावीकडं बारीक आणि जास्त. वैमानिकाच्या जागेवरून पाहिलं तर सेस्नाचा प्रोपेलर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरतो. उजवीकडं पातं खाली उतरतं, आणि बहुतेक कॅमेरे वाचतातही वरून खाली. म्हणजे वाचणारी ओळ पात्याच्या सोबतीनं चालते आणि ते ताणून दिसतं. डावीकडं पातं वर येताना ओळीला समोरून भेटतं, भेटून निघून जातं, दुसरं येतं. कॅमेरा उलटा टांगला की या बाजूही अदलाबदल होतात.

प्रोपेलर थांबल्यासारखा किंवा उलटा फिरल्यासारखा दिसतो, तो याचा चुलतभाऊ, पण वेगळा. तिथं प्रश्न एका फ्रेमच्या आतला नसतो, एका फ्रेमपासून दुसऱ्या फ्रेमपर्यंतचा असतो. इंजिन १५०० फेऱ्यांवर आणि व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेमचा असेल, तर प्रत्येक फ्रेमला पातं फिरून त्याच जागी आलेलं असतं. विळा जागच्या जागी थिजतो. तो विषय इथंच सोडतो.

आता दुसरा आजार. त्यासाठी कूलर उपयोगाचा नव्हता, ट्रॅक्टर काढावा लागला. भाच्याचा कॅमेरा त्याच लांब दांडीसकट बोनेटवर चिकटवला, ट्रॅक्टर धुऱ्याजवळ उभा केला आणि थ्रॉटल वाढवला. समोर हलणारं काहीच नव्हतं. वाळलेली बांधी, पलीकडं बोडी, काठावर मोहाची तीन झाडं, वारा पडलेला. मोबाइलवर क्लिप लावली, तर मोहाची झाडं दारू पिणाऱ्यांपेक्षा जास्त डोलत होती. विजेचा खांब वेलीसारखा वळत होता.

इथं पातं नाही, फिरणारी वस्तू नाही. हलला तो कॅमेरा. ओळी तशाच एकाखाली एक वाचल्या जात होत्या, पण वाचणाराच थरथरत होता. वरची ओळ वाचली तेव्हा तो जरा डावीकडं, मधली वाचली तेव्हा जरा उजवीकडं. म्हणून सरळ खांबाची लाट झाली. शूटिंगवाले याला जेली म्हणतात.

विमानात हे जास्त होतं. चार सिलिंडरचं चार स्ट्रोकचं इंजिन एका फेरीत दोनदा पेटतं. सेकंदाला ४० फेऱ्या म्हणजे ८० ठोके, दर साडेबारा मिलिसेकंदाला एक. १५ मिलिसेकंदांच्या एका फ्रेममध्ये एक पूर्ण लाट बसून वर थोडी उरते. योगायोग असा की दोन पात्यांचा प्रोपेलरही सेकंदाला ८० वेळा कॅमेऱ्यापुढून जातो. आकडा तोच, इंजिन तेच, कॅमेरा तोच. मग माणूस दोन्ही एकच समजला तर त्याला तरी किती दोष देणार?

ओळखायचं कसं, तर प्रोपेलरकडं पाहूच नका. तो दोन्ही वेळा वाकडाच दिसणार. सरळ असायलाच हवी अशी वस्तू शोधा. पंखाचा दांडा, काचेची चौकट, क्षितिज, नहर, रेल्वेचा रूळ. ती सरळ आणि फक्त पातं वाकडं, तर बाहेरची वस्तू फिरली, कॅमेरा निर्दोष. ती लहरते, तर कॅमेरा थरथरला. भाच्याची पहिली क्लिप पहिल्या प्रकारची. दुसरीत दोन्ही आजार एकावर एक होते.

औषधं मात्र दोघांची अगदी वेगळी. पात्यासाठी काळी काच खरंच लागू पडते. तिला एनडी फिल्टर म्हणतात, कॅमेऱ्याचा गॉगल समजा. एनडी ३२ प्रकाशाचा बत्तिसावा हिस्साच आत सोडतो, त्यामुळं दोन हजाराव्या भागावर धावणारं शटर साठाव्या भागाच्या आसपास येतं. साठावा भाग म्हणजे जवळपास १७ मिलिसेकंद. तेवढ्यात पातं अर्ध्या फेरीहून जास्त फिरतं आणि विळ्यांची चकती होते. सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर तोच ३२ ठेवला तर चित्र काळवंडतं किंवा दाणेदार होतं. तेव्हा ८ पुरतो.

जेलीला हा गॉगल लावला तर? भाच्यानं तेच केलं होतं आणि त्याला वाटलं, फरक पडला. फरक पडतोच. शटर एका ठोक्यापेक्षा जास्त वेळ उघडं राहिलं की प्रत्येक ओळीत थरथरीची सरासरी उमटते. लाट जाते, पण तिच्या जागी मऊपणा येतो. शेतांच्या कडा लोण्यासारख्या, झाडांची पानं एकमेकांत मिसळलेली. माझ्या मते हे औषध नाही, पांघरूण आहे. आणि विमानावर ते मला धोक्याचंही वाटतं, कारण लहरणारा दांडा तुम्हाला सांगत असतो की बाहेर लावलेली वस्तू हलते आहे. गॉगल लावून आपण ती तक्रारच बंद करतो.

कॅमेऱ्यातलं स्थिरीकरणही इथं कामाचं नाही. ॲक्शन कॅमेरे बनवणाऱ्या गोप्रोनं २०१८ मध्ये हिरो ७ ब्लॅकमध्ये हायपरस्मूथ नावाचं स्थिरीकरण आणलं, तेव्हापासून लोकांना वाटतं की काहीही हललं तरी ते सांभाळून घेईल. ते हात हलल्याचा, चालण्याचा हेलकावा छान पुसतं. सेकंदाला ८० ठोके हा त्याचा प्रांत नाही. कॉकपिटच्या आत तर ते बंदच ठेवावं. विमान वळताना कॅमेऱ्याला वाटतं आपण कललो, तो चित्र उलटीकडं सावरायला जातो, आणि बिचारं कॉकपिटच फ्रेममध्ये पोहायला लागतं.

जेलीचं खरं औषध हातानं करायचं आहे. दांडी आखूड. सांधे कमीत कमी, कारण प्रत्येक स्क्रू-सांधा म्हणजे एक ढिली बिजागरी. भाच्याच्या माउंटला, म्हणजे कॅमेरा धरणाऱ्या त्या दांडीला, चार सांधे होते. आम्ही तीन काढले, कॅमेरा बोनेटला जवळजवळ टेकवला, मधे सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातला. विजेचा खांब खांबासारखा दिसायला लागला. ट्रॅक्टरवर ट्यूब चालते. विमानावर काय लावायचं ते इंजिनियर सांगेल.

सक्शन कपाचं, म्हणजे माउंट काचेला दाबून चिकटवायच्या रबरी वाटीचं, थोडं वेगळं सांगायला हवं, कारण जमिनीवर तो इतका घट्ट बसतो की माणूस फसतो. कपाला धरून ठेवतो तो बाहेरच्या हवेचा दाब. पाच हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ८३ टक्केच उरतो, म्हणजे काहीही न बिघडता पकडीचा जवळपास सहावा हिस्सा गेला. त्यात आपल्या मे महिन्यातलं ऊन. रबर मऊ पडतं, आत राहिलेली हवा फुगते. ताशी २०० किलोमीटरला दीडशे ग्रॅमच्या त्या डबीएवढ्या कॅमेऱ्यावर समोरून पाऊण किलोच्या आसपास वाऱ्याचा रेटा येतो. म्हणून कपावर भिस्त ठेवायची नाही, वेगळ्या मजबूत दोरीनं कॅमेरा बांधलेला हवाच, आणि सुटला तरी तो शेपटीपर्यंत पोचणार नाही इतकी ती दोरी आखूड हवी. कप लावायच्या आधी काच स्पिरिटनं पुसायची सवय आम्हा दुकानदारांना असते. विमानाची काच बहुतेक ॲक्रिलिकची असते, स्पिरिटनं तिला बारीक तडे जातात. तिथं ते हात आवरावेत.

आणि परवानगी. विमान नियम, १९३७ मधला तेरावा नियम उडत्या विमानातून आणि सरकारी विमानतळावर फोटो काढण्यावर बंधन घालतो, त्याला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची (डीजीसीए) लेखी मंजुरी लागते. बाहेरून काही जोडायचं तर तो विमानातला बदल ठरू शकतो. भाच्याच्या क्लबानं त्याचे कागद आधीच केले होते, तरी मी फोनवर पुन्हा विचारलं. मामा आहे, विचारणारच.

जूनमध्ये नवी क्लिप आली. दांडी आखूड, दोरी दिसत होती, वर काळी काच. पंखाचा दांडा फूटपट्टीसारखा, खालच्या तळ्याचा काठ स्वच्छ, आणि नाकावर धूसर, जवळजवळ न दिसणारी चकती. मी खूश होऊन घरात मोठ्या टीव्हीवर लावली. भाच्याची आजी, म्हणजे माझी माय, चष्मा पुसत समोर येऊन बसली. पूर्ण क्लिप पाहिली. मग म्हणाली, "अन् याचा पंखा कुठं गेला? पंखाच नाही तं पोरगं उडून कशावर राह्यलं?"

मी गुपचूप विळ्यांची पहिली क्लिप लावली.

"हं," ती म्हणाली, "हा पाह्य ना."