आंत्वान ओग्युस्तँ कूर्नो

(२८ ऑगस्ट १८०१ – ३१ मार्च १८७७). फ्रेंच गणितज्ञ, तत्त्वज्ञ आणि गणिती अर्थशास्त्राचा आद्य प्रवर्तक. जन्म पूर्व फ्रान्समधील ग्रे येथे. १८२३ मध्ये गणिताची पदवी घेतल्यावर त्यांनी दहा वर्षे मार्शल सँ-सीर यांच्या घरी चिटणीस म्हणून काम केले. गणितज्ञ प्वासाँ यांच्या पाठिंब्याने १८३४ मध्ये ते ल्याँ येथे प्राध्यापक झाले. पुढे ग्रनोब्ल व दिजाँ येथे शिक्षणप्रमुख.

संपत्तीच्या सिद्धांताची गणिती तत्त्वे मांडणारा त्यांचा ग्रंथ १८३८ मध्ये निघाला. मागणी हे किमतीचे फलन आहे, म्हणजे किंमत बदलली की मागणी ठरावीक रीतीने बदलते, हे त्यात प्रथमच काटेकोरपणे मांडलेले दिसते. खनिज पाण्याच्या झऱ्याचा एकच मालक असेल आणि पाणी काढायला खर्च येत नसेल, तर किंमत गुणिले मागणी हा गुणाकार महत्तम करणारी किंमत तो ठरवतो.

दोन झरे, दोन मालक असले की पेच पडतो. सोयीसाठी किंमत = १२० वजा एकूण पुरवठा, असे धरू. एकटा मक्तेदार ६० नग विकतो. किंमत ६०, नफा ३,६००. दुसरा मालक आला की तो उरलेल्या बाजाराच्या निम्मे, म्हणजे ३० नग आणतो. त्यावर पहिला ४५ वर उतरतो, दुसरा ३७.५ वर चढतो, पहिला ४१.२५ वर येतो. अखेर दोघे ४० वर स्थिरावतात. किंमत ४०, दोघांचा मिळून नफा ३,२००. संगनमत केले असते तर ३,६०० मिळाले असते. पण ६० नग निम्मे-निम्मे वाटून घेतल्यावर प्रत्येकाला गुपचूप जास्त विकणे फायद्याचे ठरते, म्हणून करार टिकत नाही. नॅश समतोलाची, म्हणजे एकट्याने आपला निर्णय बदलून कोणाचाच फायदा होणार नाही अशा स्थितीची, कल्पना येथे शंभरहून अधिक वर्षे आधी भेटते.

समतोलाकडे जाण्याची ही वाट मात्र डळमळीत आहे. प्रतिस्पर्धी पुरवठा बदलणार नाही, असे प्रत्येक जण धरून चालतो आणि दर वेळी चुकतो. तीन विक्रेत्यांनी शून्यापासून सुरुवात करून एकाच वेळी पुरवठा बदलला, तर ते ६० आणि ० यांतच हेलकावे खातात. ३० चा समतोल गाठतच नाहीत. फ्रेंच गणितज्ञ बेर्त्रां यांनी १८८३ मध्ये वेगळा आक्षेप घेतला: विक्रेते नगांऐवजी किमतीवर झगडले, तर दोनच विक्रेते किंमत खर्चापर्यंत खाली आणतील.

ग्रंथ दीर्घकाळ दुर्लक्षित राहिला. १८६३ मध्ये कूर्नो यांनी तोच विषय सूत्रे वगळून पुन्हा लिहिला, तरी फारसा फरक पडला नाही. अर्थशास्त्रज्ञ व्हालरा यांनी मात्र त्यांचे ऋण मोकळेपणाने मान्य केले.

पूरक, म्हणजे एकत्रच वापराव्या लागणाऱ्या, वस्तूंचे त्यांचे विश्लेषण आजही पुरेसे वाचले जात नाही. पितळेसाठी तांबे एकाकडून आणि जस्त दुसऱ्याकडून घ्यावे लागत असेल, तर वरच्याच मागणीत दोघेही स्वतंत्रपणे ४० आकारतात. एकूण किंमत ८० होते. दोन्ही धातू एकाच मक्तेदाराकडे असते तर ती ६० राहिली असती, आणि नफाही जास्त झाला असता.