आयएसआय हेल्मेटचा अर्ज: रिपोर्ट पास, तरी फाइल परत का?

इंदूरला सांवेर रोडवर क्रिकेटची हेल्मेट बनवणारे एक काका माझ्याकडे आले ते परत आलेली फाइल घेऊनच. त्यांना दुचाकीच्या हेल्मेटसाठी भारतीय मानक ब्युरोचा आयएसआय परवाना हवा होता. ‘अहो, टेस्ट पास आहे की!’ पास होती, पण भलत्याच मानकाची.

क्रिकेटसाठी बीएस 7928:2013 हे ब्रिटिश मानक चालतं; त्यात चेंडू वेगाने थेट हेल्मेटच्या जाळीवर मारून पाहतात. दुचाकीला लागतं आयएस 4151:2015 हे भारतीय मानक. त्यात आदळण्याखेरीज टोकदार वस्तू घुसते का, पट्टा टिकतो का, बाजूचं दिसतं का, रस्त्यावरचा आवाज ऐकू येतो का, हेही तपासतात. खेळाचा रिपोर्ट इथे रद्दीच. आणि 1 जून 2021पासून आयएसआय चिन्हाशिवाय दुचाकीचं हेल्मेट विकताच येत नाही.

परवाना कारखान्याला, त्याच पत्त्यावर मिळतो. बाहेरून तयार माल आणून आपलं स्टिकर लावणाऱ्यांनी फी वाया घालवू नये.

अर्ज ब्युरोच्या ‘मानक ऑनलाइन’ या पोर्टलवर करायचा, फाइल ब्युरोच्या भोपाळ शाखेकडे जाते. फॉर्म आणि फी अर्ध्या तासात उरकतं. लेआउट, मशिनरीची यादी, प्रोसेस फ्लो चार्टही जमतं.

अडतं ते पत्त्यावर. काकांच्या शेडचं वीजबिल अजून वडिलांच्या नावावर, जीएसटीवर जुना प्लॉट नंबर, भाडेकरारात तिसराच. माणूस तोच, शेड तीच, पण कागदाला ते कसं कळणार? आधी जीएसटी दुरुस्त करा, मग अर्ज.

दुसरं, कॅलिब्रेशन, म्हणजे यंत्र बरोबर मोजतं की नाही याची तपासणी. टेस्टिंगचं यंत्र नवंकोरं असलं तरी त्याचं प्रमाणपत्र मुदतीत हवं. यादीतल्या प्रत्येक उपकरणाची तारीख स्वतः वाचा. पुरवठादार ‘सगळं ओके’च म्हणतो.

घरच्या चाचणीत एकदा आपटलेलं हेल्मेट नमुन्यात ठेवू नका. धक्का आतला थर्मोकोल चेपून शोषतो, आणि चेपलेला थर्मोकोल परत फुगत नाही. वरून कवच मात्र साबूत दिसतं, तिथेच फसगत होते.

ब्युरोचे अधिकारी कारखाना बघायला येतील त्या दिवशी उत्पादन चालू हवं. समोर माल बनताना बघतात, कारखान्यातच टेस्ट करायला लावतात, नमुने सील करून प्रयोगशाळेत पाठवतात. काकांकडे नेमके मोल्डिंगवाले दोघं लग्नाला गेले होते. चहा झाला, भेट फुकट गेली, पुढची तारीख पुन्हा मागावी लागली.