कूटबद्ध क्लाउड साठवण : गुप्तता आणि पैसे भरण्याचे मार्ग

फाइल आपल्या संगणकातून किंवा मोबाइलमधून बाहेर पडण्यापूर्वीच कूटबद्ध करून ती दूरच्या सर्व्हरवर ठेवण्याची सेवा. उलगडण्याची किल्ली वापरकर्त्याकडेच राहते आणि कंपनीच्या हाती फक्त कूटमजकूर येतो. गूगल ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स यांसारख्या रूढ सेवांतही साठवलेला मजकूर कूटबद्ध असतो. पण तेथे किल्ली सामान्यतः कंपनीच सांभाळते. मजकूर कोणाला वाचता येतो आणि खाते कोणाचे आहे हे कोणाला कळते, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. पहिल्याचे उत्तर कूटशास्त्र देते, दुसऱ्याचे बहुधा पैसे भरण्याच्या मार्गावर ठरते.

उगम : या सेवांचा आरंभ कोठून धरावा याविषयी एकमत नाही. काहीजण तो संगणकशास्त्रज्ञ मॅट ब्लेझ यांच्या १९९३ मधील सीएफएस (क्रिप्टोग्राफिक फाइल सिस्टिम) या युनिक्स फाइल-प्रणालीपर्यंत मागे नेतात. तीत कूटबद्धीकरण वापरकर्त्याच्या यंत्रावरच होत असल्याने दूरच्या फाइल-सर्व्हरवर उघडा मजकूर पोहोचत नसे. दुसरे मत २००७-०८ च्या सुमारास पुढे आलेल्या स्पायडरओक, स्वित्झर्लंडमधील वुआला, ताहो-लाफ्स आणि कॉलिन पर्सिव्हल यांच्या टारस्नॅप या बॅकअप सेवेला प्राधान्य देते. तत्त्व सीएफएसमध्ये पूर्णपणे आलेले दिसते. मात्र अनोळखी ग्राहकाने पैसे देऊन घ्यायची सेवा या अर्थाने दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. पैशाच्या बाजूचा उगम निराळा आहे. देणाऱ्याची ओळख बँकेलाही जोडता येऊ नये अशी ‘अंध स्वाक्षरी’ची पद्धत डेव्हिड चॉम यांनी १९८२ मध्ये मांडली. तिच्यावर उभी राहिलेली त्यांची डिजिकॅश ही कंपनी १९९८ मध्ये दिवाळखोरीत गेली. साठवणुकीची गुप्तता बाजारात रुजली, देयकाची रुजली नाही, हा फरक आजही जाणवतो.

किल्लीची घडण : वापरकर्त्याच्या पासवर्डवरून मुख्य किल्ली तयार होते. हे काम मुद्दाम संथ आणि स्मृतिखाऊ (संगणकाची मेमरी भरपूर वापरणारे) ठेवलेले असते, म्हणजे चोराला कोट्यवधी पासवर्ड झपाट्याने आजमावता येत नाहीत. टारस्नॅपसाठी पर्सिव्हल यांनी २००९ मध्ये मांडलेली एसक्रिप्ट आणि २०१५ च्या स्पर्धेत निवडली गेलेली आर्गॉन२ या त्यासाठीच्या प्रसिद्ध रीती. मुख्य किल्लीने खात्याची खासगी किल्ली झाकली जाते आणि पुढे प्रत्येक फाइलला स्वतंत्र किल्ली मिळते. पासवर्ड आणि पुनर्प्राप्तीचे शब्द दोन्ही हरवले, तर कंपनीलाही फाइल उघडून देता येत नाही.

मजकूर झाकणे पुरेसे नसते. त्यात कोणी फेरफार केला आहे का, हेही ताडता आले पाहिजे. न्यूझीलंडमधील मेगा या सेवेत खासगी किल्ली कूटबद्ध होती, पण तिच्या अखंडतेची तपासणी होत नव्हती. सर्व्हर ताब्यात असलेल्या हल्लेखोराला ती किल्ली थोडी थोडी बदलून पाठवता येते आणि वापरकर्त्याच्या ५१२ लॉगिनमध्ये ती उलगडता येते, असे झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातील संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवले. पुढे हा आकडा सहावर आला. कंपनीने दुरुस्ती केली. २०२४ मध्ये त्याच विद्यापीठातून सिंक, पीक्लाउड, आइसड्राइव्ह, सीफाइल आणि ट्रेसोरिट यांची तपासणी झाली; ट्रेसोरिट वगळता इतरांत गंभीर दोष आढळले. त्यामुळे जाहिरातीतील दाव्यापेक्षा खुला सोर्स कोड आणि त्रयस्थ तपासणी यांना अधिक वजन द्यावे. क्रिप्टोमेटरसारख्या खुल्या साधनाने फाइल आधी स्वतः कूटबद्ध करून ती कोणत्याही साध्या क्लाउडवर ठेवणे हा पर्याय या दृष्टीने विशेष उल्लेखनीय आहे.

नागपुरातील गरज : अशा साठवणुकीची गरज कोणाला पडते, हे नागपूरच्या उदाहरणावरून दिसते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात काम करणारे वकील, धंतोली-रामदासपेठेतील रुग्णालये आणि शहरातील सनदी लेखापाल यांच्याकडे इतरांची गुपिते असतात. अशिलाने वकिलाला सांगितलेल्या गोष्टींना भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ चे संरक्षण आहे. डॉक्टर-रुग्ण संवादाला तसे वैधानिक कवच नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि सखल वस्त्यांतील तळमजले पाण्याखाली गेले. कागद आणि हार्ड डिस्क एकाच खोलीत ठेवलेल्यांसाठी शहराबाहेरच्या प्रतीचे महत्त्व त्यानंतर वेगळे सांगावे लागत नाही. ती प्रत परक्याच्या सर्व्हरवर उघडी पडून राहू नये, ही अपेक्षा रास्तच आहे.

पैसे भरण्याचे मार्ग : सर्वांत रूढ मार्ग कार्डाचा. महिन्याच्या स्टेटमेंटवर सेवेचे नाव, देश, डॉलर किंवा फ्रँकमधील रक्कम, तिचे रुपये, परकीय चलनाचे शुल्क आणि त्या शुल्कावरील १८ टक्के जीएसटी अशी सगळी कथा छापून येते. फाइलीत काय आहे हे बँकेला कळत नाही; अशी सेवा घेतली आहे हे मात्र कळते. १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या ई-मँडेट नियमांनुसार आपोआप होणाऱ्या वसुलीची सूचना २४ तास आधी यावी लागते. जे परदेशी विक्रेते या व्यवस्थेत नाहीत त्यांची वसुली अडते, खाते थकबाकीत जाते आणि मुदत उलटल्यास साठवणही पुसली जाऊ शकते. वार्षिक रक्कम एकदम भरणे म्हणूनच सोयीचे. अँड्रॉइड ॲपमधून सदस्यत्व घेतल्यास यूपीआय चालते, पण मग खरेदीची नोंद गूगलकडे राहते.

टारस्नॅप आगाऊ रक्कम घेऊन वापरानुसार कापते. साठवणीचा दर दरमहा प्रति गिगाबाइट २५ सेंट. प्रोटॉनसारख्या काही कंपन्या बिटकॉइन आणि रोख रक्कमही स्वीकारतात. नागपूरहून पाकिटात नोटा घालून परदेशी धाडणे परकीय चलन कायद्यामुळे व्यवहार्य नाही. बिटकॉइनची खातेवही सर्वांना उघडी असते आणि भारतीय एक्स्चेंजवर ते घेताना पॅनसह ओळख द्यावी लागते. ही एक्स्चेंजेस मार्च २०२३ पासून मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आहेत. शिवाय व्यवहारावर १ टक्का टीडीएस आणि नफ्यावर ३० टक्के कर आहे. येथील वापरकर्त्याला बिटकॉइनने अनामिकता मिळते हे मत त्यामुळे टिकत नाही.

कायदा : सर्वोच्च न्यायालयाच्या २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरला. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० चे कलम ६९ मात्र उलगडणीत साहाय्य करण्याचा आदेश देण्याची मुभा शासनाला देते. सर्ट-इन या केंद्र शासनाच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार क्लाउड सेवादात्यांनी ग्राहकाचे पडताळलेले नाव, पत्ता, संपर्क आणि आयपी पत्ते सेवा संपल्यानंतरही ५ वर्षे जपायचे आहेत.

परदेशी सेवेवर १८ टक्के जीएसटी लागतो. साध्या ग्राहकासाठी तो कंपनीने भरायचा असतो. जीएसटीखाली नोंदणीकृत सनदी लेखापालाने तो रिव्हर्स चार्जखाली, म्हणजे विक्रेत्याऐवजी, स्वतः भरायचा. इनपुट क्रेडिट (भरलेल्या जीएसटीची वजावट) हवे असेल तर बिल फर्मच्या नावाने लागते, त्यामुळे अशा फर्मला टोपणनावाचे खाते उपयोगाचे नाही.