आरपी की एचआयसी? प्रोटीनसाठी कॉलम निवडताना होणारा घोळ

प्रोटीनचं मिश्रण वेगळं करायच्या क्रोमॅटोग्राफीत आरपी आणि एचआयसी असे दोन प्रकारचे कॉलम, म्हणजे बारीक कण भरलेल्या नळ्या, वापरतात. दोन्ही कॉलम हायड्रोफोबिकच (पाणी टाळणारे), मग फरक काय? प्रोटीनवर नव्याने काम सुरू केलेला जवळपास प्रत्येक जण हे विचारतो, मीही विचारलं होतं. आरपी म्हणजे रिव्हर्स्ड फेज, एचआयसी म्हणजे हायड्रोफोबिक इंटरॅक्शन, आणि दोन्हीकडे प्रोटीनचा पाण्यापासून लांब पळणारा भागच कॉलमला धरतो. पण धरतो कसा आणि सुटतो कसा, यात सगळी गंमत आहे.

आरपीमध्ये सी४ किंवा सी८ च्या (४ किंवा ८ कार्बनच्या) साखळ्या दाटीवाटीने बसवलेल्या असतात, मोबाइल फेजमध्ये (कॉलममधून वाहणाऱ्या द्रवात) ०.१ टक्का टीएफए हे आम्ल आणि वाढत जाणारं सेंद्रिय द्रावक अ‍ॅसिटोनायट्राइल, वर कॉलम ओव्हन बऱ्याचदा ६० ते ८० डिग्रीला, आता एवढ्यात प्रोटीनची घडी कशी टिकणार? ती उलगडते आणि आतले लपलेले भागही कॉलमला चिकटतात. एचआयसीत ब्युटाइल किंवा फिनाइल ग्रुप विरळ असतात, बफर पीएच ७ च्या आसपास, सुरुवातीला दीड-दोन मोलर अमोनियम सल्फेट. त्या मिठामुळे प्रोटीन कॉलमकडे ढकललं जातं, मग मीठ कमी करत गेलं की एकेक सुटत येतं. घडी साधारण शाबूत राहते, म्हणजे एन्झाइम असेल तर फ्रॅक्शन (कॉलममधून बाहेर आलेला तेवढाच भाग) गोळा करून त्याची अ‍ॅक्टिव्हिटी बघता येते.

खरा फरक कळायला ब्रेन्टुक्सिमॅब व्हेडोटिन घ्या, कॅन्सरचं औषध जोडलेली अँटिबॉडी. यात साखळ्यांना बांधणारे चार डायसल्फाइड बंध सोडवून सुट्या झालेल्या सिस्टीन या अमिनो आम्लावर औषध जोडतात, म्हणून एका अँटिबॉडीवर ०, २, ४, ६ किंवा ८ रेणू बसतात. एचआयसीवर हे पाचही पीक (आलेखातले उंचवटे) ओळीने दिसतात, औषध नसलेला आधी, आठवाला शेवटी, कारण औषध स्वतःच हायड्रोफोबिक आहे. हेच सॅम्पल आरपीवर टाकलं तर बंध नसलेल्या साखळ्या सुट्या होतात, आणि तुम्हाला अख्ख्या अँटिबॉडीऐवजी मुख्यतः सुट्या हलक्या आणि जड साखळ्यांचे आणि अजून जोडून राहिलेल्या तुकड्यांचे पीक दिसतात. नवीन माणूस हे बघून सॅम्पल खराब झालं म्हणतो, तसं अजिबात नसतं, कॉलमने त्याचं काम केलेलं असतं.

मग आरपी वाईट का? मुळीच नाही. मास स्पेकला (रेणूंचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्राला) थेट जोडायचं असेल तर आरपीच, तेही टीएफएऐवजी फॉर्मिक अ‍ॅसिड घालून, कारण टीएफएने सिग्नल दबतो. एचआयसीचं एवढं मीठ मास स्पेकमध्ये घालणं शक्यच नाही. फक्त आरपी घेताना लहान रेणूंसाठीचा १०० अँगस्ट्रॉम पोअरचा (कणांतल्या छिद्रांचा) सी१८ उचलू नका, अख्ख्या अँटिबॉडीला निदान ३०० लागतात, नाहीतर ती पोअरमध्ये नीट शिरत नाही आणि पीक पसरट येतो.

एचआयसी घेताना सॅम्पल मिठाशिवाय मोठ्या व्हॉल्यूममध्ये इंजेक्ट केलं तर काही भाग न चिकटताच निघून जातो, आणि मीठ फार झालं तर प्रोटीन साक्याच्या रूपात खाली बसतं, त्यामुळे आधी छोट्या ट्यूबमध्ये बघून घ्या. आणि एकाच मशीनवर दोन्ही चालवत असाल तर कृपया मध्ये भरपूर पाणी फिरवा, अमोनियम सल्फेट असताना थेट अ‍ॅसिटोनायट्राइल सोडलं की मिठाचे खडे पंपात आणि नळ्यांमध्ये जमतात आणि प्रेशर वर चढतं.